अकरा म्यानं

सुभेदारांनी एवढंच विचारलं होतं, "पावनं, ह्ये कुठं मिळालं?" त्यावर नानासो यादवांनी "बाजारात" असं सरळ उत्तर दिलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण कौतुकाचे प्रसंग माणसाच्या वाट्याला मोजकेच येतात. पाटबंधारे खात्यातल्या हेडक्लार्कच्या वाट्याला तर दोनच, एक बढतीच्या वेळी आणि एक निरोपसमारंभाला. मधेच तिसरा चालून आल्यावर नानासोंचा तोल गेला.

निमित्त होतं शालनच्या लग्नाच्या याद्यांचं. शालन ही नानासोंची थोरली मुलगी. नवरा मुलगा कृष्णात साताऱ्याकडचा, फौजेत नायक. त्याचे वडील हंबीरराव हे सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, आवाज अजून परेड मैदानावरचा. सांगलीच्या दोन खोल्यांत दोन्हीकडची मंडळी दाटीवाटीने बसली होती आणि साखरेच्या पुड्याचा दोरा काही केल्या तुटत नव्हता. तेव्हा नानासोंनी कमरेच्या पट्ट्याला लावलेल्या चामडी म्यानातून आपला घडीचा चाकू काढला आणि दोरा कापला. चाकू बाजारातलाच, दोन रुपयांच्या आतला. म्यान मात्र त्यांनी स्वतः शिवलेलं होतं, जुन्या बुटाच्या जिभेचं. चाकू खिशात आपोआप उघडून दोन विजारी फाटल्या आणि तिसरी शिवून द्यायला अंबूबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, साफ नकार दिला, तेव्हा ते तयार झालं होतं.

"मी स्वतः केलंय," नानासो म्हणाले.

सुभेदारांनी म्यान उलटंसुलटं करून पाहिलं. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढली, पण असलं काम बघितलं नाही, असं ते म्हणाले. नानासोंचे कान गरम झाले. तेवढ्यात सुभेदारांची बहीण रंगूबाई नवरदेवाच्या कट्यारीचा विषय काढून बसली. हळद लागल्यापासून अक्षता पडेपर्यंत नवऱ्याच्या हातात लोखंडाचं पातं हवं आणि टोकाला लिंबू हवं. ती कट्यार त्यांच्या घरात मुलीकडून येते. नानासो म्हणाले, कट्यार कशाला, मी चाकू देतो, माझ्या हातच्या म्यानासकट. एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण पुढे भावकीतल्या दहा मानकऱ्यांचा मानपान निघाला, आणि टॉवेल-टोप्यांनी घरातली ट्रंक भरली आहे असं सुभेदार हसत हसत म्हणाले. "मग त्यांनाही चाकू आणि म्यान," नानासो म्हणाले. सुभेदारांनी मांडीवर थाप मारली आणि यादीत लिहिलं गेलं: 'चाकू, म्यानासह, नग अकरा.' एकदा कागदावर चढलेला नग खाली उतरत नाही, हे पाटबंधारे खात्यात सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला कुणी सांगायची गरज नव्हती.

पाहुणे गेल्यावर अंबूबाईंनी आतल्या खोलीतल्या बायकांकडून ऐकलेलं सांगितलं. त्या दहा मानकऱ्यांत पाच इकडचे होते आणि पाच तिकडचे. मधे एक बांध होता. इकडचा म्होरक्या भाऊसो, तिकडचा अर्जुना, दोघे सख्खे चुलत भाऊ. "गेल्या साली भाऊसोनं अर्जुनाचं डोस्कं फोडलं," अंबूबाई म्हणाल्या. "हातात काठी व्हती म्हनून त्यो वाचला. आन् आवं, तुमी त्यास्नी चाकू वाटाया निगालाय. माज्या लेकीच्या मांडवात."

नानासोंच्या तोंडचं पाणी पळालं. आता नाही म्हणायचं तर तुमच्या भावकीत मारामाऱ्या होतात हे आम्हाला कळलं, असं सुभेदारांना तोंडावर सांगण्यासारखं होतं. त्यातून सोयरीक मोडली असती. आणि हो म्हणायचं तर सोयरीक राहिली असती, पण मांडवात कोण राहील आणि कोण दवाखान्यात जाईल याचा भरवसा नव्हता. त्या दिवसापासून नानासोंना अन्न गोड लागेना. जेवताना ताटातली मिरची दिसली तरी त्यांना मांडवातलं रक्त आठवायचं, जे अजून सांडलेलंही नव्हतं.

पण काम तर करायलाच हवं होतं. नानासोंनी अकरा चाकू आणले. एकाच दुकानातून आणले तरी अकरांतले दोन सारखे नव्हते. कुणाची मूठ पितळी, कुणाची शिंगाची, कुणाची लाकडी, कुणी पोटाशी फुगलेला तर कुणी शेपटाकडे वाकडा. म्हणजे प्रत्येकाच्या मापाचं म्यान वेगळं. इथे शेजारचे आडमुठे मास्तर धावून आले. मास्तर तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, आणि धर्माने जैन, तेही पक्के. त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केलं की चामड्याला ते हात लावणार नाहीत, त्याच्याकडे बघणारही नाहीत, पण चाकूच्या भूमितीला त्यांची ना नाही.

मास्तरांनी चार संध्याकाळी घालवून अकरा नमुने काढले. कर्कटकाने मोजलेले, अर्ध्या सुताचीही चूक नसलेले, प्रत्येकावर क्रमांक आणि खाली बारीक अक्षरात मुठीचा प्रकार. नानासो चामडं कापायला बसले की मास्तर खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि तिकडूनच सूचना करायचे. शेजारीपाजारी गोळा झाले. रेक्झिन वापरा म्हणजे विटाळ नाही, असं एकाने सुचवलं. चामडं देवकाच्या आसपास न्यायचं नाही, असं दुसऱ्याने बजावलं. कोपऱ्यावरचे लालासाहेब दुसरं काही न सुचल्यामुळे रोज येऊन किती झाली ते विचारून जात.

चामडं दिलं ते स्टँडाजवळ पायताणं शिवणाऱ्या सिद्धूने. सिद्धू वयाने नानासोंपेक्षा मोठा, बोलायला कमी. मास्तरांचे कागद त्याने हातात धरून बराच वेळ पाहिले.

"कागूद झ्याक हाय सायेब," तो म्हणाला. "पन कागदाला जाडी नसती. चामड्याला असती, त्येचं काय?"

नानासोंनी त्याला सांगितलं की हे नमुने तीस वर्षांच्या अनुभवी शिक्षकाने काढले आहेत. सिद्धूने कागद खाली ठेवले. मग दोन दिवसांत अकराही शिवून देतो म्हणाला, तर नानासोंनी तेही नाकारलं. माझ्या हातचं असा शब्द गेला होता. त्यांनी सिद्धूकडून फक्त चामड्याला भोकं पाडायची एक आरी घेतली, मेण लावलेला दोरा घेतला आणि घरी आले.

पुढचे तीन आठवडे नानासोंच्या डाव्या अंगठ्याने काय सोसलं ते त्यालाच ठाऊक. आरी चामड्यातून जेवढी गेली, तेवढीच अंगठ्यातून गेली. लग्नाची तारीख जवळ येत चालली तसं काम घरी पुरेना, म्हणून नानासो एक म्यान कचेरीत घेऊन गेले आणि टेबलाच्या खणात हात घालून शिवू लागले. ते दिवस आणीबाणीचे. भिंतीवर शिस्तीच्या पाट्या आणि दहा वाजून दहा मिनिटांनी मस्टरवर लाल रेघ. तिसऱ्याच दिवशी साहेबांनी खणात डोकावलं आणि 'कार्यालयीन वेळेत चर्मकाम केल्याबद्दल' खुलासा मागणारा मेमो काढला. सव्वीस वर्षांतला हा पहिला मेमो. नानासोंनी दोन पानी खुलासा लिहिला, त्यात मुलीचं लग्न, शब्दाची किंमत आणि अंगठ्याची अवस्था असे तिन्ही मुद्दे घेतले. साहेबांनी त्यावर 'पाहिले' एवढाच शेरा मारला, आणि तो नानासोंना मेमोपेक्षा जास्त लागला.

लग्नाला आठ दिवस राहिले असताना अकरावं म्यान पुरं झालं. नानासोंनी पहिला चाकू आत घालायला घेतला. जाईना. दुसरा घेतला, जाईना. अकराही गेले नाहीत. मास्तरांनी भिंतीकडे तोंड करून सगळं ऐकून घेतलं आणि कागदावर ते बरोबर बसतात, असं शांतपणे सांगितलं.

नानासो सकाळी कचेरीला जाता जाता सिद्धूकडे गेले. सिद्धूने म्यान दाबून पाहिलं. "भिजवा," तो म्हणाला. "रातभर पान्यात ठेवा, मग ताणतंय." एवढ्यात नानासोंचं लक्ष स्टँडावरच्या घड्याळाकडे गेलं. दहाला चार मिनिटं कमी होती. लाल रेघेच्या भीतीने ते तसेच सुटले. सिद्धू पाठीमागून आणखी काहीतरी सांगत होता, पण हात हलवून "कळलं, कळलं" म्हणत ते दिसेनासे झाले.

त्या रात्री म्यानं भिजली. सकाळी चाकू खरोखरच आत गेले, जोर लावावा लागला पण गेले, मुठींची टोकं तेवढी वर राहिली. मग नानासोंनी अकराही म्यानं चाकूसकट पत्र्यावर वाळत घातली. महिना वैशाखाचा, ऊन सांगलीचं. दोन दिवसांत चामडं असं काही आवळून बसलं की मुठीचा उंचवटान् उंचवटा वरून दिसू लागला. नानासोंनी वरून खोबरेल चोळलं आणि घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. शालनने एक म्यान हातात घेऊन त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "किती सुबक झालंय हो दादा." अंगठ्याचं सगळं दुःख नानासो त्या एका वाक्यात विसरले. एखादा चाकू काढून पाहावा, असं त्यांच्या मनातही आलं नाही. इतकं छान बसलेलं कशाला हलवायचं, असाच कुणीही विचार केला असता.

लग्न सुभेदारांच्या गावी होतं, साताऱ्यापासून सहा मैलांवर, गोरज मुहूर्तावर. वऱ्हाड ट्रकमधून पहाटे निघालं. नानासो मात्र एकटेच एसटीने निघाले, कारण नवरीच्या गाडीत धारेची वस्तू येऊ द्यायची नाही असं अंबूबाईंनी ठरवलं होतं. चाकू एका पिशवीत, पिशवी मांडीवर. गाडी हलली की पिशवी वाजायची. कंडक्टरने आत काय आहे ते विचारलं. नानासो आयुष्यात खोटं बोललेले नव्हते.

"चाकू."

"किती हायत?"

"अकरा."

शेजारचा प्रवासी उठून मागच्या सीटवर जाऊन बसला. पुढच्या स्टँडावर कंडक्टर उतरून कंट्रोलरकडे गेला, कंट्रोलर पलीकडच्या पोलीस चौकीत गेला, आणि पाच मिनिटांत नानासो पिशवीसकट जमादारांपुढे उभे होते. आणीबाणीच्या दिवसांत माणूस चौकीत जाणं सोपं होतं, बाहेर येण्याचं तेवढं सांगता येत नव्हतं. नानासोंच्या पाचावर धारण बसली. तिकडे सुभेदारांच्या गावी हळदीची वेळ अकराची, आणि हळद लागल्याबरोबर नवऱ्याच्या हातात द्यायचं लोखंड इथे चौकीत.

जमादारांनी खटक्याचे आहेत का ते विचारलं. घडीचे आहेत, नानासोंनी सांगितलं. नऊ इंचांवर पातं असेल तर परवाना लागतो, तेव्हा काढून दाखवा, मोजू, असं जमादार म्हणाले. नानासोंनी पहिलं म्यान त्यांच्या हातात द्यायला पुढे केलं, तसा जमादारांनी हात मागे घेतला.

"हातात नगं. खाली ठिवा. धारंची वस्तू हातनं हातात दिली की भांडान व्हतंय."

मग अकरा म्यानं चौकीच्या फरशीवर ओळीने मांडली गेली. नानासोंनी खाली बसून पहिला चाकू ओढला. तो निघाला नाही. दुसरा ओढला, तोही नाही. पाचव्यापर्यंत त्यांचा सदरा पाठीला चिकटला. अकराव्यानंतर त्यांना सिद्धूचं ते पाठीमागून चाललेलं बोलणं आठवलं, आणि तो काय सांगत असणार याचा उलगडा झाला. चाकू काढून सावलीत वाळवा, असंच काहीतरी असणार. ओल्या चामड्यात लोखंड गंजलं होतं आणि चामडं उन्हात आवळून त्याला कवटाळून बसलं होतं.

"काडत न्हाईसा व्हय?" जमादारांचा आवाज बदलला.

"निघत नाहीत," नानासो कसेबसे म्हणाले.

जमादारांचा यावर विश्वास बसण्याचं कारण नव्हतं. त्यांनी एका शिपायाला पुढे केलं. शिपाई तालमीतला होता. त्याने म्यान बुटाखाली धरून ओढलं, मग दातांत धरून ओढलं, मग खिडकीच्या गजाला अडकवून ओढलं. शेवटी जमादार स्वतः बसले. त्यांचीही मान लाल झाली. बाहेर गाडीने दोनदा हॉर्न दिला आणि ती निघून गेली. आता खरी अडचण जमादारांचीच झाली, कारण कागदावर पात्याची लांबी लिहायचा रकाना होता आणि पातं कुणीच पाहिलेलं नव्हतं. न बघितलेल्या पात्याचा पंचनामा करता येत नाही. आणि तो रकाना रिकामा ठेवला तर वरून विचारणा येते, हे तर नानासोंनीही मान्य केलं. दोन्ही सरकारी माणसांनी मिळून अर्धा तास विचार केला, आणि नानासोंच्याच सूचनेवरून लिहिलं गेलं: 'चामडी पाकिटे, नग अकरा, आत काहीतरी.' खाली सही करून नानासो सुटले आणि पुढच्या गाडीत दारात उभे राहून साताऱ्याला पोहोचले.

गावात शिरले तेव्हा हळद त्यांच्यासाठी खोळंबली होती. रंगूबाई हळदीची वाटी घेऊन उभी होती. नानासोंनी ताटातून एक म्यान पुढे केलं, कृष्णातने उचललं, आणि हळद लागली. म्यानाचं सगळ्यांनी कौतुक केलं. नानासोंना वाटलं, निभावलं. तेवढ्यात रंगूबाईने नियम सांगितला. हळदीला म्यानातलं चालतं, पण गोरजाला पातं उघडं पाहिजे आणि टोकाला लिंबू पाहिजे. चाकू मात्र हाच. हळद लागलेली वस्तू बदलायची नाही, आणि अक्षता पडेपर्यंत ती कापायची-उसवायचीही नाही.

मुहूर्ताला अर्धा तास असताना नानासो नवरदेवाच्या खोलीत गेले. कृष्णात एकटाच होता, मुंडावळ्या बांधलेला, दोन गुडघ्यांत म्यान धरून चाकू ओढत बसलेला. नानासोंना बघून तो उठला.

"मामा, दुपारपास्नं वडतोय. न्हाई निगत."

"निघणारच नाही," नानासो म्हणाले, आणि मग राहवलं नाही म्हणून सगळं सांगून टाकलं, मास्तरांच्या कागदापासून चौकीतल्या शिपायाच्या दातांपर्यंत. एवढ्या हौसेने एक वस्तू हाताने करून दिली होती पोरीच्या लग्नात, आणि तीच सगळ्यांपुढे तोंडघशी पाडणार होती.

कृष्णातने ऐकून घेतलं. त्याची नजर नानासोंच्या वरच्या खिशाकडे गेली. तिथे ती आरी होती. वेळेला कुठे शिवण उसवली तर असू द्यावी म्हणून नानासोंनी बरोबर घेतलेली, टोकाला बूच लावलेली. कृष्णातने ती घेतली, बूच काढलं, आणि म्यानाच्या कडेच्या टाक्यांमधून अशी आरपार ओवली की आरीची मूठ वर राहिली आणि टोक खालून बोटभर बाहेर आलं. त्यावर त्याने लिंबू टोचलं आणि हात लांब धरून पाहिलं. दोन हातांवरून बघणाऱ्याला ती कट्यार नाही असं म्हणायची सोय नव्हती.

"लोखंड हाय, टोक हाय, लिंबू हाय," तो म्हणाला.

"आत्याबाईंनी नीट पाहिलं तर?"

"आत्याला लांबचं दिसत न्हाई. आन् जवळ मी येऊ देत न्हाई."

नानासोंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मुलगी चांगल्या घरात पडली की नाही, याची काळजी बापाला असतेच. त्यांची ती काळजी त्या खोलीत मिटली.

मंगलाष्टकं चालू असताना नानासोंची नजर एकदाही मुलीकडे गेली नाही, ती त्या लिंबावर खिळली होती. लिंबू जागचं हललं नाही. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. रंगूबाई डोळे पुसत होती, तिला काही कळलं नव्हतं.

आता राहिले दहा मानकरी. पंगत बसण्याआधी आहेर होता. नानासो ताट घेऊन फिरले आणि एकेकाने ताटातून आपापलं म्यान उचललं. इकडचे पाच, तिकडचे पाच. एकूण एकाने ते कमरेला अडकवलं. नानासो मनातल्या मनात देवाचा धावा करत होते, की कुणाला आत्ताच चाकू काढून बघायची बुद्धी होऊ नये. कुणाला झालीही नाही. ताट रिकामं झालं, जीव भांड्यात पडला, आणि त्याच वेळी अर्जुनाचं लक्ष भाऊसोच्या कमरेकडे गेलं.

"त्याला पितळी मूठ," अर्जुना म्हणाला, "आन् मला लाकडी. का रं? मी काय गडी हाय का ह्येचा?"

भाऊसो हसला. ते हसणं बांधाच्या भांडणातलं होतं, आणि ते सगळ्या गावाला ओळखीचं असावं, कारण आसपासच्या बायका मुलांना घेऊन मागे सरल्या. मूठ माणसाकडं बघून देतात, असं काहीसं भाऊसो बोलला. अर्जुना उठला. भाऊसो उठला. इकडचे चार उठले, तिकडचे चार उठले. सुभेदारांनी मांडवाच्या टोकावरून आवाज दिला, पण तो पोहोचेपर्यंत भाऊसोचा हात कमरेला गेला होता, आणि अर्जुनाचाही.

नानासो बरोबर दोघांच्या मधे होते, हातात रिकामं ताट. सकाळपासून ज्या चाकूंनी निघावं म्हणून त्यांनी देव पाण्यात घातले होते, ते आता निघू नयेत म्हणून त्यांनी डोळे मिटले. चार हातांवर शालन उभी होती, हिरव्या शालूत, आणि मिटल्या डोळ्यांपुढेही त्यांना दुसरं काही दिसत नव्हतं.

काहीच आवाज झाला नाही. नानासोंनी एक डोळा उघडला. भाऊसो ओढत होता. अर्जुना ओढत होता. भाऊसोने म्यान पोटाशी धरून दोन्ही हातांनी ओढलं. अर्जुनाने खाली बसून ते टाचेखाली घेतलं. दोघांच्या कपाळांवर शिरा आल्या, पण चाकू जागचा हलला नाही. असं किती वेळ चाललं कोण जाणे. शेवटी भाऊसो धापा टाकत थांबला.

"तुजा निगाला का रं?" त्याने विचारलं.

"न्हाई," अर्जुना म्हणाला. "तुजा?"

"न्हाई."

मागचे आठजण गुपचूप आपापला चाकू ओढून बघत होते. तेवढ्यात वाजंत्रीवाल्यांपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग मांडव हसत सुटला. भाऊसोला हसू आवरेना. पंगत बसली तेव्हा नानासोंनी पाहिलं, अर्जुना दोन्ही हातांनी म्यान घट्ट धरून बसला होता आणि भाऊसो त्याच्या छातीला पाय लावून चाकू ओढत होता. त्या दोघांनी मिळून केलेलं ते कित्येक वर्षांतलं पहिलं काम असावं.

जेवणं झाल्यावर सुभेदारांनी नानासोंना मांडवाच्या मागे नेलं. त्यांच्या हातात कृष्णातचं म्यान होतं, त्यात आरी तशीच. त्यांनी ती हळूच बाहेर काढली, निरखली आणि नानासोंच्या डोळ्यांत पाहिलं.

"पावनं, खरं सांगा. ह्ये तुमी मुद्दाम केलंत?"

खरं सांगावं तर सगळी इभ्रत गेली, आणि खोटं बोलायची सवय नाही. सव्वीस वर्षांची नोकरी अशा वेळी कामी येते.

"यादीत 'चाकू, म्यानासह' असं होतं," ते म्हणाले. "चाकू म्यानाबाहेर, असं कुठं नव्हतं."

सुभेदारांनी नानासोंचा तो टोचून काळा पडलेला अंगठा आपल्या हातात घेतला आणि दाबला.

"लय डोस्कं चालवलंत," ते म्हणाले. "मला रातभर झोप न्हवती. आता आनखी बारा करा. वस्तीवरची भावकी आज आली न्हाई, त्यास्नीबी द्यायची हायत. पन अशीच करा. हाच माल पायजे."

नानासो सांगलीला परतले ते बारा म्यानांची नवी यादी घेऊन. अशीच करायची, म्हणजे चूक कुठून सुरू झाली ते आठवायला हवं होतं. मास्तरांनी पुन्हा भिंतीकडे तोंड करून नमुने काढून द्यायचं कबूल केलं. पण अंगठा अजून बरा नव्हता. शेवटी नानासोंनी मान खाली घालून सिद्धूचं दुकान गाठलं, मागच्या वेळी त्याचं पुरतं ऐकून न घेतल्याची कबुली दिली आणि बाराही म्यानं त्यानेच शिवून द्यावीत असं सांगितलं.

सिद्धूने कागद घेतले. "कशी पायजेत सायेब?"

"मागच्या वेळी माझी चुकली होती," नानासो म्हणाले, "अगदी तशीच."

सिद्धूने थोडा विचार केला आणि कागद परत दिले.

"तशी मला न्हाई जमायची सायेब," तो म्हणाला. "त्ये तुमालाच जमतंय."